अक्षरांस साज किती?



लहान मुलास दागिन्यांनीं इतकें मढविलें कीं त्याचें मुखच दिसेनासें झालें, तर त्यास नटविलें म्हणावें कीं झांकलें म्हणावें? हा प्रश्न गेल्या वर्षीं एका फलकापुढें उभा असतांना मला पडला, आणि तेव्हांपासून तो मनांतून जात नाहीं. म्हणूनच या वार्षिकांकाचीं कांहीं पृष्ठें मीं त्याच्याकरितां मागून घेतलीं आहेत.

घडलें तें असें. आमच्या शाळेचे शिपाईमामा सेवानिवृत्त झाले. तीस वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या हातच्या घंटेवर आम्हीं सर्वांनीं आपला दिवस मोजला, त्यांच्या निरोपसमारंभाचा फलक तयार करण्याचें काम इयत्ता नववींतील तिघा विद्यार्थ्यांनीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें. संगणकांत चित्रें सजविण्याचें जें सॉफ्टवेअर असतें, त्यावर रात्रीं जागून त्यांनीं मामांचें नांव नटविलें. अक्षरांस सोन्याचा मुलामा दिला, कडांस उठाव दिला, मागें सावली टाकिली, भोंवतीं निळी प्रभा पसरली. आणि एवढ्यानेंही समाधान न झाल्यामुळें अक्षरांच्या शेंड्यांवर ज्वाळा पेटविल्या. नमुना त्यांनीं मला मोबाईलवर दाखविला. मीं तो वरवर पाहिला आणि “छान!” म्हणून परत दिला.

समारंभाच्या दिवशीं दहा फूट लांबीचा फ्लेक्स व्यासपीठामागें झळकला. मामा सपत्नीक आले. फलकाकडे त्यांनीं बराच वेळ पाहिलें, आणि माझ्याजवळ येऊन अगदीं हळू आवाजांत विचारलें, “सर, यांत माझं नांव कुठं आहे?”

तेव्हां मीं त्या फलकाकडे प्रथमच नीट पाहिलें. नांवांतील जोडाक्षर फुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. पहिल्या वेलांटीनें आपलें अक्षर सोडून शेजारच्या अक्षराचा आश्रय घेतला होता. अनुस्वार प्रभेंत बुडाला होता, आणि जें कांहीं शिल्लक होतें तें ज्वाळांनीं गिळलें होतें. मामांस वाचतां बेताचेंच येतें. परंतु खरें सांगावयाचें तर, तें नांव आधीं ठाऊक नसतें तर मलाही तें वाचतां आलें नसतें. दोष मुलांचा नव्हता. हौस त्यांची होती. डोळे माझे असावयास हवे होते.

या प्रसंगावरून संगणकास दूषणें देणारा लेख मी लिहिणार असें कोणास वाटल्यास तो भ्रम होय. प्रथम ही कला काय आहे तें पाहूं. या कामाचें फोटोशॉप नांवाचें प्रसिद्ध सॉफ्टवेअर टॉमस व जॉन नोल या दोघां भावांनीं घडविलें, आणि अडोबी कंपनीनें तें इ. स. १९९० मध्यें बाजारांत आणिलें. तशाच कामाचें गिम्प हें साधन १९९६ पासून कोणासही विनामूल्य मिळतें. यांतील मुख्य युक्ति थरांची. काचेच्या पारदर्शक तावदानांवर निरनिराळीं चित्रें काढून तीं एकावर एक ठेवावीं, म्हणजे वरून पाहतां सर्व मिळून एकच चित्र दिसतें, तसेंच येथें. सावली म्हणजे अक्षराचीच काळी प्रतिकृति, किंचित् खालीं व बाजूस सरकविलेली आणि कडांनीं पुसट केलेली. उठाव म्हणजे अक्षराची एक कड उजळ व समोरची कड काळोखी करणें. त्यामुळें डोळ्यास वाटतें कीं वरच्या कोपऱ्यांतून उजेड पडत आहे आणि सपाट अक्षर दगडांत कोरल्याप्रमाणें वर आलें आहे. सोन्याचा मुलामा म्हणजे फिकट पिवळ्यापासून गर्द तपकिरीपर्यंत, पायऱ्या न दाखवितां, पालटत जाणारा रंग. अक्षराच्या आंत समुद्राचें छायाचित्र भरावयाचें असल्यास अक्षराची जणूं खिडकी करितात, आणि मागचा समुद्र तिच्यांतून तेवढाच दिसूं देतात.

यांत जादू मुळींच नाहीं. उजेड कोठून येतो, सावली कोणीकडे पडते, धातू चमकतो तो कसा, या गोष्टींचें सूक्ष्म निरीक्षण आहे. ज्या मुलानें हें समजून केलें, त्याचा पदार्थविज्ञानाचा एक व चित्रकलेचा एक असे दोन धडे सहज पुरे झाले. तेव्हां आपला मुलगा अथवा मुलगी संगणकावर अक्षरें रंगवीत बसली आहे एवढ्यावरून ‘वेळ फुकट चालला’ असा निर्णय पालकांनीं देऊं नये, अशी माझी विनंती आहे.

मग बिघडतें कोठें? माझ्या मतें तें बिघडतें आपलीं अक्षरें आपणच न ओळखल्यामुळें. हीं साधनें मूळ रोमन अक्षरांकरितां घडलेलीं. तीं अक्षरें एकेकटीं उभीं राहतात. आपलीं अक्षरें हातांत हात घालून, एका शिरोरेषेखालीं, एका घरांतील माणसांप्रमाणें नांदतात. मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशीं बसतो, आणि पहिली वेलांटी तर बोलतांना व्यंजनाच्या मागून येते पण कागदावर त्याच्या आधीं जाऊन उभी राहते. इ. स. १९९१ मध्यें युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली तींतच देवनागरीस स्थान मिळालें, आणि प्रत्येक वर्णास एक ठराविक क्रमांक लाभला. परंतु क्रमांक बरोबर असला म्हणजे मांडणी बरोबर होतेच असें नाहीं. सजावटीच्या कित्येक साधनांत भारतीय लिप्यांची रचनापद्धति निराळी निवडावी लागते. ती न निवडल्यास ‘रत्नागिरी’ या आपल्या गांवाच्या नांवांतील ‘त्न’ फुटून वेगळा होतो आणि ‘गि’ची वेलांटी भलत्याच ठिकाणीं जाते. आमच्या फलकावर झालें तें हेंच.

दुसरें एक उदाहरण आपणां रत्नागिरीकरांच्या घरचेंच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. डोक्यावरचा रफार आणि अक्षराच्या कुशींत निजलेला आडवा र, एवढाच दोहोंत भेद. तेथें चूक झाली कीं मांडवीच्या बंदरावर उभा असलेला माणूस एकदम आंबा घाटांत जाऊन पडतो! संगणकावर ‘ल’ व ‘श’ यांचीं हिंदी वळणाचीं रूपें पुष्कळदां आपोआप येतात. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयांत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हीं मराठी रूपें सांगितलीं आहेत. पण मुलांस हा भेद दाखविल्याखेरीज तो दिसतच नाहीं. तीच गोष्ट अंतराची. इंग्रजी अक्षरें दूर दूर मांडलीं तर तीं भारदस्त वाटतात. आपलीं तशीं मांडलीं तर शिरोरेषा तुटते, आणि शब्द पावसाळ्यानंतरच्या फुटक्या कौलांच्या ओळीसारखा दिसूं लागतो.

आमच्या पूर्वजांस साज आवडत नव्हता काय? आवडत होता. जुनी हस्तलिखित पोथी पाहावी. मजकूर बोरूनें काळ्या शाईंत लिहिलेला असतो. दंड, श्लोकांचे आंकडे व समाप्तीचीं वाक्यें हिंगुळाच्या लाल रंगांत असतात. चूक झाली तर तिजवर पिवळी हरताळ फांसून ती झांकीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. म्हणजे रंगाचीं कामें ठरलेलीं होतीं. लाल रंग वाचकास थांबावयाचें स्थळ दाखवी, पिवळा रंग चूक झांकी. शब्दास झांकण्याकरितां रंग कोणीं वापरला नाहीं.

आणि हीं अक्षरें छापखान्यांत यावीं म्हणून केवढे सायास पडले, हें आपल्या मुलांनीं जाणून घ्यावें. आपल्या शेजारच्या गोमंतकांत फादर टॉमस स्टीफन्स यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. भाषा मराठी, पण अक्षरें रोमन. कारण देवनागरीचे खिळेच उपलब्ध नव्हते. त्यानंतर १८९ वर्षांनीं, इ. स. १८०५ मध्यें, विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण दूर बंगालांतील श्रीरामपूर येथें देवनागरी खिळ्यांनीं छापून निघालें. रोमन लिपीस थोड्या खिळ्यांत भागतें. आपल्या लिपीस मात्रा, वेलांट्या, उकार व जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे ओतावे लागत. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं त्यांत पुष्कळ सुधारणा केली. त्याच मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं इ. स. १८३१ मध्यें शिळाछापावर मराठी पंचांग काढिलें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत गरिबीमुळें लहानपणींच खिळे घांसण्याचें काम करणारा जावजी दादाजी नांवाचा एक मुलगा होता. त्यानें पुढें आपले सहकारी राणोजी रावजी आरू यांच्या साह्यानें सुबक खिळे पाडिले, आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढिला. निर्णयसागरच्या अक्षरांची कीर्ति सर्व हिंदुस्थानांत झाली. त्या अक्षरांवर ना सोनें होतें, ना ज्वाळा. प्रमाणबद्ध वळण आणि स्वच्छ छपाई, एवढाच त्यांचा साज.

ज्यांनीं संगणकाच्या युगांत अक्षरांची सेवा केली त्यांचेंही उदाहरण घ्यावें. र. कृ. जोशी हे बोरूंत निपुण. त्यांनींच संगणकाकरितां ‘मंगल’ हा देवनागरी टंक रचिला. कमल शेडगे यांनीं शेंकडों मराठी नाटकांचीं व नियतकालिकांचीं शीर्षकें हातानें रेखाटिलीं. २०२० मध्यें ते निवर्तले, परंतु त्यांचीं अक्षरें अद्यापि लोकांच्या डोळ्यांपुढें आहेत. कारण नाटकाचा भाव ते अक्षराच्या वळणांतच आणीत, वरून चिकटवीत नसत. अच्युत पालव यांनीं मोडी व देवनागरी यांचा अभ्यास करून त्यांतून नवें सुलेखन निर्मिलें. त्यांस २०२५ मध्यें पद्मश्री मिळाली. या तिघांच्या वाटा निराळ्या, पण आरंभ एकच: आधीं हात, मग यंत्र.

एवढें दूर तरी कशास जावें? मिरकरवाड्याच्या बंदरावर जावें आणि होड्यांवरील हातानें रंगविलेलीं नांवें पाहावीं. पेंटर आधीं दोरीनें खडूच्या सरळ रेघा पाडतो, नांव रेखून घेतो, मग चपट्या कुंचल्यानें तें भरतो, आणि सर्वांत शेवटीं अक्षराच्या एकाच बाजूस सावलीची पट्टी ओढतो. ही सावली शोभेची आहे खरी. परंतु तिच्यामुळें नांव पार्श्वभूमींतून उठून लांबून वाचतां येतें. लाटांवर हेलकावणाऱ्या होडीचें नांव किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईस वाचतां आलें पाहिजे. आपलें माणूस परतलें कीं नाहीं हें तिला त्यावरून कळावयाचें असतें. तेथें अक्षरें ज्वाळांत गुंडाळणारा पेंटर दुसऱ्या दिवशीं कामावर राहणार नाहीं. साज कशाकरितां, याचें उत्तर मला त्या होड्यांवर मिळालें. जो साज वाचणाऱ्यास मदत करितो तो खरा. जो वाचणाऱ्यास अडवितो तो खोटा.

यावर विद्यार्थी म्हणतील, “सर, केवळ डोळ्यास सुख म्हणून कांहींच करूं नये काय?” अवश्य करावें. वहीच्या मुखपृष्ठावर, नाताळच्या शुभेच्छापत्रावर, दिवाळीच्या आकाशकंदिलावर मनसोक्त खेळावें. खेळल्याविना हात वळत नाहीं. परंतु जेथें कोणाचें नांव लिहावयाचें आहे, कोणास सूचना द्यावयाची आहे, कोणाचा सत्कार करावयाचा आहे, तेथें आपली हौस दुसरी आणि वाचणारा पहिला. सत्कार मामांचा होता. आम्हीं मात्र सॉफ्टवेअरचा केला.

म्हणून अनुभवावरून सुचलेल्या पांच गोष्टी सांगतों. पहिली: संगणक उघडण्यापूर्वीं शब्द चौकटींच्या कागदावर हातानें लिहावा. वेलांटी कोठून निघते व कोठें टेकते हें बोटांस कळलें म्हणजे पडद्यावरील चूक डोळ्यांस आपोआप खुपते. दुसरी: शब्दाचें चित्र होण्यापूर्वीं शुद्धलेखन तपासावें, आणि तें दुसऱ्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावें, कारण एकदां अक्षरांचें चित्र झालें कीं ऱ्हस्वाचें दीर्घ करितां येत नाहीं, सर्व काम पुन्हां करावें लागतें. तिसरी: साज एकच घ्यावा, आणि तो अर्थांतून यावा. ‘लाट’ या शब्दाची खालची कड किंचित् हेलावली तर शोभेल. ‘श्रद्धांजलि’ या शब्दास चमचमाट शोभणार नाहीं. चौथी: उजेड एकाच दिशेनें पडूं द्यावा. सावली उजवीकडे आणि चकाकीही उजवीकडे असलेल्या अक्षरावर दोन सूर्य उगवलेले असतात. पांचवी: काम पुरें झालें म्हणजे रंग काढून तें एकदां काळ्यापांढऱ्यांत पाहावें, वीस पावलें मागें जाऊन पाहावें, आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसास दाखवावें. आजीस वाचतां आलें तर काम उत्तम. आजीस वाचतां आलें नाहीं, तर चष्मा आजीचा बदलूं नये, अक्षर बदलावें.

आणखी एक इशारा. अलीकडे यंत्रास नुसतें वाक्य सांगितलें कीं तें सजविलेल्या अक्षरांचें चित्र स्वतःच काढून देतें. त्यानें काढिलेलीं देवनागरी अक्षरें पुष्कळदां अक्षरांसारखीं दिसतात, पण अक्षरें नसतात. अशा चित्रावर तपासल्यावांचून विश्वास ठेवूं नये. टंकही दुसऱ्याचे चोरून घेण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या एक टाईप या मंडळींचा ‘मुक्त’ नांवाचा टंक खुल्या परवान्यानें विनामूल्य मिळतो. तसे आणखीही आहेत.

पालकांस एकच मागणें. मुलानें केलेलें काम दाखविलें म्हणजे ‘वा, किती चमकतें!’ असें म्हणण्यापूर्वीं ‘काय लिहिलें आहेस तें मला वाचून दाखव’ असें म्हणावें. मीं तें म्हटलें नाहीं, आणि एका सज्जन माणसास त्याच्याच सत्काराच्या दिवशीं आपलें नांव शोधावें लागलें.

त्या प्रसंगाचा शेवट सांगून हा लेख पुरा करितों. समारंभानंतर आठवड्याभरानें त्या तिघांपैकीं एक विद्यार्थी मामांच्या घरीं गेला. त्याच्याजवळ एक पांढरा कागद व एक जाड टोंकाचें पेन होतें. “मामा, तुमचं नांव तुम्हीच लिहा,” असें तो म्हणाला. मामांनीं पुष्कळ आढेवेढे घेऊन, पगाराच्या पत्रकावर इतकीं वर्षें करीत आलेली आपली सही मोठ्या अक्षरांत काढिली. वेलांटी जराशी वांकडी, शिरोरेषा जराशी चढती. मुलानें तो कागद संगणकांत घेतला, शाईचे डाग पुसले, अक्षरें मोठीं केलीं, आणि खालीं एक बारीक लाल रेघ ओढिली. वांकडी वेलांटी त्यानें सरळ केली नाहीं. ज्वाळा, सोनें, सावली यांपैकीं कशासही त्यानें हात लाविला नाहीं.

तो लहानसा फलक आज मामांच्या पडवींत आहे. तो देतांना मीही गेलों होतों. मामांनीं चष्मा लाविला, आणि अक्षरांवरून बोट फिरवीत फिरवीत आपलें नांव आरंभापासून शेवटपर्यंत मोठ्यानें वाचलें.

— मराठीचा एक शिक्षक